‘ते डॉक्टर सांगतील’

गेल्या वर्षी एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रॅक्टिकल परीक्षेला मी एक्स्टर्नल म्हणून गेले होते. विद्यार्थिनीला मिळालेला पेशंट साठीच्या आसपासचा, यावलकडे केळीच्या बागेत कामाला जाणारा. तिने पाऊण तास खपून त्याची तपासणी केली आणि खरोखर चांगली केली. पोट तपासताना आधी नीट बघितलं, मग स्टेथोस्कोप लावून ऐकलं, हात त्यानंतर लावला. हा क्रम भलेभले चुकवतात. घोट्यावर अंगठा दाबून धरला आणि खड्डा किती खोल पडला ते लिहिलं. मानेची फुगलेली शीर तिच्या नजरेतून सुटली नाही. फुप्फुसांच्या तळाशी बारीक चरचर ऐकू आली, तीही नोंदली. बाबा आडवे झोपूच शकत नाहीत, पाठीला गोधड्या लावून बसून रात्र काढतात, हे तिने त्यांच्या बायकोशी बोलून काढून घेतलं.

मी विचारलं, "मग बाबांना काय झालंय असं तुला वाटतं?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्या गाइडकडे. म्हणाली, "मॅडम, ते डॉक्टर सांगतील."

हृदय थकल्याच्या, हार्ट फेल्युअरच्या, सगळ्या खुणा तिच्या कागदावर तिच्याच अक्षरात होत्या. त्या एका धाग्यात ओवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. मी तिला जवळपास पूर्ण मार्क दिले, कारण गुणांच्या तक्त्यात माझ्या त्या प्रश्नासाठी रकानाच नव्हता.

तिचं चुकलं असं मला वाटत नाही. "निदान डॉक्टरांचं, सेवा आपली" हे वाक्य मी स्वतः वर्गात किती वेळा म्हटलंय याची गणती नाही. माझ्या शिक्षिकांनी मला सांगितलं, मी पुढच्या मुलींना सांगितलं. आज मला वाटतं की या वाक्याने आपण दोन-तीन पिढ्यांच्या नर्सना विचार करायचा नाही हे शिकवलं, आणि त्याची किंमत सातपुड्यातल्या आणि तापीकाठच्या माणसांनी मोजली. खानदेशात रोगाचं पहिलं निदान आजही बहुतेक वेळा नर्सच करते. तिला ते करायला रीतसर शिकवावं, त्याची परीक्षा घ्यावी आणि ठरावीक मर्यादेत तो तिचा अधिकार म्हणून कायद्याने मान्य करावा, असं माझं म्हणणं आहे.

‘नर्सच करते’ हे वाचून काही डॉक्टर मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांनी एकदा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव किंवा मोलगीकडच्या एखाद्या उपकेंद्रावर दिवस काढावा. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, पण तिथली वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली. रस्ता संपतो तिथून पेशंटला बांबूला झोळी बांधून आणतात. या झोळीला आपल्याकडे ‘बांबूलन्स’ हे नावही पडलेलं आहे. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांसाठी बोटीवरचे तरंगते दवाखाने आहेत. झोळी खाली टेकते तेव्हा समोर असते ती सिस्टर. हा पेशंट इथे ठेवायचा, खाली पाठवायचा की आत्ता या क्षणी पाठवायचा, हे तिला ठरवायचं असतं. हे ठरवणं म्हणजेच निदान. ती रजिस्टरमध्ये त्याला ‘रेफर’ म्हणते इतकंच.

एक प्रसंग सांगते. तो माझ्याच चुकीचा आहे.

वीसेक वर्षं झाली. मी एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स होते. श्रावणातली पहाट, बाहेर पाऊस. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई आणि मामा घेऊन आले. चार वाजता पोटात कळ येऊन उठला, दोनदा ओकला. डॉक्टर शेजारच्या गावी पोस्टमॉर्टेमला गेलेले. मी ताप पाहिला, नाडी मोजली, बीपी घेतलं, पोट दाबून पाहिलं. पोट मऊ होतं. पोरगं कळवळत होतं आणि पोट लोण्यासारखं मऊ, या विसंगतीने मी थबकायला हवं होतं. मी केसपेपरवर ‘पोटदुखी, उलट्या २’ लिहिलं, फोनवर डॉक्टरांना तेवढंच सांगितलं, आणि त्यांनी तेवढ्यावरून सांगितलेलं अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने आई म्हणाली, "त्याले झोप येई राहिनी, सिस्टर." मला बरं वाटलं. म्हटलं, इंजेक्शन लागू पडलं.

आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर काका चहाची किटली घेऊन आत आले. खाटेपाशी थांबले. पोराच्या तोंडाकडे बघून मला म्हणाले, "सिस्टर, पोऱ्या खाले झोपेल व्हता का?"

झोपला होता. घरात सगळेच जमिनीवर झोपत. मी पोराला वर बघ म्हटलं. डोळे वर गेले, पापण्या गेल्या नाहीत. झोप आली नव्हती. पापण्या पडल्या होत्या. मण्यार. फोनवर सांगितलं, सापाची लस सुरू केली आणि निघालो. सोनगीरपासून धुळ्यापर्यंत मी अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायचा फुगा, दाबत होते. मुलगा सहा दिवस व्हेंटिलेटरवर राहिला आणि चालत घरी गेला. ते श्रेय त्या काकांचं.

मण्यारीबद्दल नर्सिंगच्या पुस्तकात असतं ते सगळं मला पाठ होतं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंशाची जागा दिसतही नाही, सूज नाही, फारशी वेदना नाही. पहाटे पोटात किंवा घशात दुखायला लागतं, मग पापण्या पडतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. विचारलं असतं तर मी सगळं म्हणून दाखवलं असतं. पण ते माझ्या डोक्यात ‘सर्पदंश’ या धड्याखाली होतं आणि समोरचा पेशंट ‘पोटदुखी’ या धड्यातला होता. काकांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांनी अशी तीन पोरं गाडीतून नेली होती. त्यांच्या डोक्यात पावसाळा, पहाट, जमिनीवरचं अंथरूण, पोटदुखी आणि जड पापण्या हे एकच चित्र होतं. रोगाचं असं चित्र डोक्यात तयार होणं, आणि समोरचा माणूस त्या चित्रात बसतो की नाही हे पाहायला नेमका कोणता प्रश्न विचारायचा हे सुचणं, यालाच निदानाचा विचार म्हणतात. तो शिकवता येतो. आम्ही तो शिकवत नाही.

आम्ही काय शिकवतो? हेड टू टो. डोक्यापासून पायापर्यंत तपासणीचा लांबलचक तक्ता, प्रत्येक ओळीला अर्धा मार्क. नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात हेल्थ असेसमेंटचं वेगळं मॉड्यूल आलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण बहुतेक ठिकाणी ते उतरलं तक्त्याच्याच रूपात. त्यावर नर्सिंग डायग्नोसिस लिहायचं: ‘वेदनेमुळे झोपेत व्यत्यय’, ‘द्रवाच्या असंतुलनाचा धोका’. नर्सिंग निदानांच्या वर्गीकरणाचं काम १९७३ च्या परिषदेपासून अमेरिकेत सुरू झालं आणि त्यामागचा हेतू चांगला होता. नर्स स्वतःच्या अधिकारात काय ओळखते आणि काय करते, याला भाषा मिळावी म्हणून ते होतं. आपण मात्र त्याचं कुंपण केलं. मण्यार चावलेल्या मुलाचं माझं नर्सिंग डायग्नोसिस ‘ओटीपोटातल्या अस्वस्थतेशी निगडित तीव्र वेदना’ असं झालं असतं, आणि परीक्षेत त्याला मार्कही मिळाले असते.

तक्ता भरणारी नर्स सगळं बघते. विचार करणारी नर्स काय बघायचं ते ठरवून बघते. या दोघींत किती अंतर आहे ते नंदुरबारच्या एका नेहमीच्या प्रसंगातून दाखवते, कारण हा प्रसंग मी विद्यार्थिनींसमोर पुन्हा पुन्हा मांडते.

थंडीचे दिवस. पावरा आई दहा महिन्यांचं बाळ घेऊन येते. बाळाचे दोन्ही हात-पाय सुजलेले. अक्कलकुवा-धडगाव म्हटलं की आपल्या डोक्यात पहिला शब्द कुपोषण येतो. तो तसा वावगाही नाही. दोन्ही पायांवर सूज असलेलं बाळ अतितीव्र कुपोषित धरायचं हा नियमच आहे, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या वर असला तरीसुद्धा. तेव्हा सिस्टर ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषण, असं लिहून बाळाला पोषण पुनर्वसन केंद्राकडे पाठवू शकते, आणि कागदावर तिची काहीच चूक निघणार नाही.

आता त्याच बाळाच्या पावलावर अंगठा ठेवा आणि मनात तीन आकडे मोजेपर्यंत दाबून धरा. कुपोषणाची सूज असेल तर खड्डा पडेल आणि तसाच राहील, आणि बाळ सहसा मलूल, तुमच्याकडे निर्विकार बघत राहील. पण अंगठा टेकवताच बाळ किंचाळलं, पाऊल गरम आणि ताणलेलं लागलं, खड्डा पडलाच नाही, तर? मग बाळाची बोटं बघा. सॉसेजसारखी असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आमच्या मुलींना मी भेंडीसारखी गच्च आणि सरळ म्हणून सांगते. ही सूज उपासमारीची नाही. ही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पहिली खूण असू शकते. वाकड्या झालेल्या लाल पेशी हातापायांच्या लहान हाडांतला रक्तपुरवठा अडवतात, म्हणून हे दुखतं. जन्मतः बाळाच्या अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, ते त्याला सांभाळतं. ते सहा महिन्यांनंतर कमी झालं की आजार डोकं वर काढतो, म्हणून हे साधारण याच वयात दिसतं. थंडीने त्रास वाढतो. भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, म्हणून इथे तो विचार आधी यायला हवा; हाच विचार पुण्याच्या सदाशिव पेठेत इतक्या लवकर करायचं कारण नाही.

एका अंगठ्याने, तीन आकड्यांत, दोन वेगळ्या वाटा निघाल्या. एकीत आहार. दुसरीत वेदनाशामक, भरपूर पाणी, सिकलसेलसाठी रक्ताची प्राथमिक सोल्युबिलिटी टेस्ट, पुढे खात्रीसाठी एचपीएलसी तपासणी, आणि आईला समजावून सांगायची एक गोष्ट जी त्या बाळाचा जीव वाचवेल: याला ताप आला तर घरी थांबायचं नाही. १ जुलै २०२३ ला देशात सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ चं लक्ष्य ठेवलं गेलं, तपासण्या होतात, कार्डं वाटली जातात. ते सगळं हवंच. पण कार्ड नसलेलं बाळ समोर आलं तर त्याच्या पावलावर अंगठा ठेवून वेगळा विचार करणारी नर्स नसेल, तर अभियान त्या बाळापर्यंत पोचायला उशीर होतो. आणि कुपोषण आणि सिकलसेल एकाच बाळात असू शकतात, हेही तिला सुचायला हवं. पहिलं उत्तर सापडलं की मन तिथेच बसतं, उठत नाही. तेव्हा स्वतःला "आणखी काय असू शकेल?" असं विचारायची सवय लागते ती सरावानेच.

भाषेचंही असंच आहे. धुळ्या-जळगावकडची बाई ओपीडीत सांगते, "छातीमा जयजय व्हस." विद्यार्थिनी लगेच लिहिते: अ‍ॅसिडिटी. बाईने जळजळ सांगितली होती, निदान लिहिणारीने परस्पर केलं, आणि आपण निदान केलं हे तिला कळलंही नाही. पंचावन्न वर्षांची, मधुमेह असलेली, बांधावरून भारा घेऊन चढताना जयजय वाढते आणि बसलं की थांबते, सोबत घाम येतो: एवढं विचारलं असतं तर ‘अ‍ॅसिडिटी’ लिहिणारा हात थांबला असता आणि ईसीजी निघाला असता. म्हणून अहिराणी येणाऱ्या मुलींना मी सांगते की केसपेपरवर आधी पेशंटचं वाक्य तिच्याच शब्दांत लिही, प्रमाण मराठीसुद्धा करू नकोस. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बायांच्या बाबतीत तर आमच्या जळगाव-भुसावळच्या मुली आशाताईवर अवलंबून असतात. आशाताई गाळून जेवढं सांगेल तेवढीच हिस्टरी. प्रगत नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धतीचे इतके तास आहेत; त्यातले थोडे तास इथल्या बोलीत दुखणं कसं सांगतात यासाठी काढले, तर माझी हरकत नाही.

आमच्या पुस्तकांतल्या चित्रांतली कातडी बहुधा गोरी असते. ओठ निळे पडले, चेहरा फिकट झाला, पुरळ लाल आलं, हे सगळं गोऱ्या अंगावर. सातपुड्यातल्या सावळ्या बाळाची फिक्कटपणाची परीक्षा पापणीच्या आत, जिभेवर आणि तळहातावर करायची असते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरसुद्धा डोळे मिटून विसंबता येत नाही. अमेरिकेतल्या पाहणीत काळ्या रुग्णांचा कमी झालेला ऑक्सिजन या यंत्राने गोऱ्यांच्या मानाने जवळपास तिप्पट वेळा चुकवला होता, हे २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालं. यंत्र ९४ दाखवतं आणि श्वास घेताना बाळाच्या छातीत खड्डे पडतायत, तर बाळावर विश्वास ठेवायचा. बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान बाळ अधूनमधून थांबून श्वास घेतं. दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४०. त्याला टेकला किंवा वर गेला की तो जलद. हे एक मिनिट ओपीडीच्या गर्दीत किती लांब वाटतं ते मोजणाऱ्यालाच माहीत.

एवढं मिनिट मोजून काय होतं, त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं, इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले: त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्या बायांकडे पदवी नव्हती. त्यांना थोड्याच गोष्टी शिकवल्या होत्या, पण त्या विचार करायला आणि त्यावर कृती करायला शिकवल्या होत्या, आणि त्यांच्या मागे उभं राहणारं कुणीतरी होतं.

याच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरणही सांगायला हवं, कारण ते माझ्या व्यवसायाला बोचतं. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. पुढे तिथल्या प्राथमिक केंद्रांत नेहमीचे आजार कोण किती नीट ओळखतं आणि त्यावर काय देतं, याची तुलना झाली. तीन वर्षं शिकलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीने उतरले. डॉक्टर नसल्यामुळे पेशंट बघणाऱ्या नर्स आणि फार्मासिस्ट मात्र सगळ्यांत मागे राहिले. नर्सला अधिकार द्या म्हणणाऱ्या माझ्यासारखीने हे लपवू नये. शिकवल्याशिवाय जबाबदारी टाकली की असंच होणार. त्या नर्सची बुद्धी कमी पडली नव्हती. तिला ते काम कधी शिकवलंच नव्हतं, केवळ डॉक्टर नव्हता म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं होतं. आपल्याकडेही आज तेच चालू आहे.

कागदावर वाट बरीच मोकळी झाली आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे जादा शिक्षण घेऊन मर्यादेत निदान आणि उपचार करणाऱ्या नर्सचा, उल्लेख आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे, मिडवाइफरीसाठी दीड वर्षाचं प्रशिक्षण २०१८ मध्ये ठरलं. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना उपचाराच्या मर्यादित परवान्याची सोय आहे, आणि १९४७ च्या जुन्या परिचर्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा कायदा संमत झाला. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी बसले आहेत, कुणी बीएएमएस, कुणी बी.एस्सी. नर्सिंग, वर सहा महिन्यांचा कोर्स. माझी तक्रार दिशेबद्दल आहे. क्रिटिकल केअर शिकलेली नर्स जाणार कुठे? जिथे व्हेंटिलेटर आहे तिथे, म्हणजे नाशिक, पुणे, मुंबई. जगातला पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम १९६५ मध्ये कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड या पब्लिक हेल्थ नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने काढला, तो डॉक्टर न पोचणाऱ्या गावांतल्या मुलांसाठी. आपण तो आयसीयूपासून सुरू केला. खानदेशाला हवी आहे ती प्राथमिक केंद्रावरची, दोन वर्षं फक्त तपासणी, निदानाचा विचार आणि औषधयोजना शिकलेली, कोणत्या आजारात काय द्यायचं याची छापील मर्यादा हातात असलेली नर्स.

माझे एक जुने सहकारी, अनुभवी फिजिशियन, मला म्हणतात, "ताई, अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा वाईट. उद्या बोगस डॉक्टरांत आणि तुमच्या नर्समध्ये फरक काय राहील?" फरक मला स्पष्ट दिसतो. बोगस डॉक्टर कधीच "मला कळत नाही" म्हणत नाही, कारण त्यावर त्याचं पोट चालतं. निदानाचा विचार शिकलेली नर्स आपलं कुठे संपतं ते ओळखायला शिकलेली असते. कपाशीवर फवारणी करून आलेल्या तरुणाला ओकाऱ्या, घाम, तोंडातून लाळ दिसली तर ती उन्हाचा त्रास म्हणून सलाईन लावत बसणार नाही. कीटकनाशकाची विषबाधा मनात धरून टॉर्च मारून बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात का ते बघेल, त्यावरचं औषध अट्रोपीन हाताशी घेईल आणि फोन उचलेल. तिला डॉक्टरची जागा नको आहे. डॉक्टरला फोन केला तर "पोटदुखी, उलट्या २" याहून जास्त सांगता यावं, एवढं तरी तिला यायला हवं. त्या पहाटे माझ्याकडून फोनवर नीट माहिती गेली असती तर डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन सांगितलं नसतं.

दुसऱ्या आक्षेपाने मात्र मला झोप येत नाही. आदिवासी भागातले कार्यकर्ते विचारतात, शहरातल्याला डॉक्टर आणि आमच्या पाड्यावर नर्स, हा कुठला न्याय? आणि एकदा नर्स निदान करू लागली की सरकार डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरायचंच सोडून देईल. ही भीती खरी आहे. कंत्राटी भरतीचा अनुभव पाहता ती अवाजवी म्हणता येत नाही. म्हणून माझी अट अशी: जिथे नर्स प्रॅक्टिशनर नेमली जाईल तिथली डॉक्टरची मंजूर जागा रद्द करायची नाही, आणि तिची नेमणूक कायम असावी, वेगळ्या पदनामाने आणि वेगळ्या वेतनश्रेणीत. ही अट पाळली जाणार नसेल तर मी या मागणीच्या बाजूने बोलणार नाही. पण जागा भरेपर्यंत तिथल्या सिस्टरला अडाणी ठेवायचं, यात न्याय आहे असंही मला वाटत नाही.

नर्सही कुरकुरतात. उपकेंद्रावरची एक एएनएम (सहायक परिचारिका) मला म्हणाली, "मॅडम, रजिस्टरं भरू, ॲपवर माहिती टाकू की विचार करू?" तिला उत्तर द्यायचा अधिकार मला नव्हता. श्वास मोजायचं मिनिट तिला मिळावं म्हणून तिच्या टेबलावरची काही रजिस्टरं उचलावी लागतील, आणि ती उचलणं आरोग्य खात्याच्या हातात आहे.

माझ्या हातात परीक्षा आहे. आता इंटर्नल परीक्षेत मी तक्त्याला निम्मेच मार्क ठेवलेत. उरलेले तीन प्रश्नांना: तुला कोणत्या तीन शक्यता वाटतात? यातली कोणती चुकली तर पेशंट दगावेल? काय दिसलं असतं तर तू तुझं मत बदललं असतंस? तिसऱ्या प्रश्नाला मुली सुरुवातीला गप्प बसतात. आपलं मत बदलायचं असतं हेच त्यांना नवं असतं.

पण खरी अडचण परीक्षेच्या पलीकडची आहे. माणूस निदान शिकतो ते आपलं बरोबर आलं की चुकलं हे कळल्यावर. उपकेंद्रावरची नर्स चिठ्ठी लिहून पेशंट खाली पाठवते आणि चिठ्ठी एकाच दिशेने जाते. ग्रामीण रुग्णालयातून तो सिव्हिलला जातो, तिथून कधी धुळ्याला, कधी सुरतेला. त्याला शेवटी काय निघालं, हे तिला कोणी कळवत नाही. वीस वर्षं नोकरी केलेल्या सिस्टरला वीस वर्षांचा अनुभव असतो असं आपण समजतो, पण उत्तरपत्रिका कधीच परत न मिळालेल्या विद्यार्थ्यासारखी तिची अवस्था असते. ड्रायव्हर काकांना ते कळलं कारण ते पेशंटबरोबर शेवटपर्यंत जात होते, परतीच्या फेरीत चौकशी करत होते. डिस्चार्ज कार्डाचा एक फोटो त्या उपकेंद्राच्या फोनवर परत पाठवायचा, एवढी एक सक्ती केली तरी खानदेशातल्या शेकडो सिस्टर दरवर्षी काहीतरी शिकतील. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही.

ती सक्ती होईपर्यंत मी मुलींना एक वही करायला लावली आहे. साधी, दोनशे पानी. आडवी धरून पाच रकाने आखायचे: काय दिसलं, काय वाटलं, का वाटलं, काय केलं, पुढे काय झालं. पाचवा रकाना आठवड्याने फोन करून, वॉर्डात जाऊन, आशाताईला विचारून भरायचा. सुरुवातीला त्यांना हे जादाचं काम वाटलं. आता एकमेकींच्या वह्या मागून वाचतात.

परवा दोन वह्या चाळत होते. एकीत ‘काय वाटलं’खाली टायफॉइड होतं. ‘पुढे काय झालं’खाली लिहिलं होतं: सिकलसेल, एस-एस (म्हणजे पूर्ण आजार, नुसता वाहक नव्हे). त्याखाली बारीक अक्षरात तिने स्वतःसाठी लिहिलं होतं: ‘प्लीहा तपासलीच नाही. आईला आधीच्या मुलाबद्दल विचारलं नाही.’ दुसरी वही धडगावला क्षेत्रकार्याला गेलेल्या मुलीची. दीड वर्षाचं बाळ, जलद श्वास, मिनिटाला ५४, छातीत खड्डे, पहिला डोस देऊन पाठवलं. पाचवा रकाना कोरा होता. फोन लागत नव्हता. दिवाळीनंतर ते कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं होतं. रकान्यात तिने शिसपेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: ‘होळीला गावी येतील. तेव्हा जाऊन बघायचं.’